‘पण’च्या पुढचं वाक्य

पूजा आटोपून नृसिंहराव कॉम्प्युटरपुढं बसले तेव्हा कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. बसल्या जागी त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला. काल संध्याकाळी हे पत्र त्यांनी ‘पण’ या शब्दावर सोडलं होतं, हे त्यांना लख्ख आठवत होतं. त्या दिवशी वाडीला कीर्तन होतं हे खरं, पण. बस्स, एवढंच. त्यापुढं बोटं जाईनात म्हणून त्यांनी पत्र तसंच ठेवलं होतं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले होते. गेला दीड महिना हेच चाललं होतं. रोज ड्राफ्ट उघडायचा, ‘चि. सौमित्र यास अनेक आशीर्वाद’ एवढं वाचायचं, एखादा शब्द घालायचा, दोन काढायचे आणि बंद करायचं. आज मात्र ‘पण’ एकटा नव्हता. त्या दिवशी वाडीला कीर्तन होतं हे खरं, पण पेटी दुसऱ्या कुणीही वाजवली असती. असं लिहिलेलं होतं. पूर्णविराम देऊन. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. वाक्य जागचं हललं नाही. दाराबाहेर साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास दाटला होता आणि शेजारच्या नव्या इमारतीवर कुणीतरी पाण्याची टाकी भरून वाहू दिली होती. त्या पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत नृसिंहराव बसून राहिले. हे वाक्य खरं होतं. इतकं खरं होतं की ते जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस या खुर्चीत बसला होता. मग लिहिलं कुणी? आपणच लिहिलं असणार. मग आठवत का नाही?

सहा वर्षं झाली त्याला. सौमित्रनं लग्न ठरवलं आणि मुलीचं नाव सांगितलं, दीक्षा, आणि मग आडनाव. बौद्धांची मुलगी, शिकलेली, नागपूरला नोकरीला, सौमित्रच्याच ऑफिसात. नृसिंहराव आरडाओरडा करणारे नव्हेत. लग्न जवळच, जिल्ह्याच्या गावी होणार होतं. त्यांनी फक्त तारीख विचारली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले, आणि म्हणाले, “त्या दिवशी वाडीला कीर्तन आहे. माझी साथ आहे.” मुलगा कॅलेंडरकडं बघत राहिला. कॅलेंडरच्या त्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं. कीर्तन होतं हे खरं, पण ते नृसिंहरावांना त्या क्षणी आठवलं, किंवा त्यांनी आठवून घेतलं, हे त्यांना आजतागायत नीट उलगडलं नव्हतं. त्या दिवशी नृसिंहवाडीच्या घाटावर, पाण्याकडं पाठ करून, त्यांनी अडीच तास पेटी वाजवली. बुवा रंगात आले होते. देवाच्या दारात उंच कोण आणि नीच कोण, असं बुवांनी हात पसरून विचारलं, आणि नृसिंहरावांचं बोट चाळीस वर्षांच्या सवयीनं, न सांगता, वरच्या षड्जावर गेलं. लोकांनी माना डोलावल्या. भाता थांबला नाही. संध्याकाळी घरी आले तर श्यामलाबाई स्वयंपाकाला लागलेल्या. रोजच्यासारख्या. फक्त त्यांच्या अंबाड्यात गुलाबाची एक पाकळी अडकलेली होती, सुकायला आलेली. बौद्धांच्या लग्नात अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकतात, हे नृसिंहरावांनी कुठंतरी ऐकलं होतं. त्यांनी पाकळी पाहिली. आपण पाहिली हे त्यांनी दाखवलं नाही. आमटीत मीठ बरोबर होतं. त्या पाकळीवर सहा वर्षं दोघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

अण्णांचं असंच सुरू झालं होतं. अण्णा म्हणजे नृसिंहरावांचे वडील. आयुष्यभर रोजनिशी लिहिलेला माणूस. शेवटच्या तीन वर्षांत सकाळी वही उघडायचे, आदल्या दिवशीचं स्वतःचंच पान वाचायचे आणि वही लांब धरून म्हणायचे, “हे मी नाही लिहिलं. कोण लिहितंय माझ्या वहीत?” अक्षर त्यांचंच, र ला ती विशिष्ट शेपटी त्यांचीच. नृसिंहराव समजूत घालायचे, “अण्णा, तुमचंच की अक्षर.” मग अण्णा लहान पोराच्या नजरेनं बघायचे आणि अगदी हळू म्हणायचे, “मग मी कुठं होतो लिहिताना?” आता तो प्रश्न फिरून या खुर्चीत येऊन बसला होता. नृसिंहराव कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकतीस वर्षं होते. कोण कधी आला, कोण कधी गेला, याची नोंद ठेवणं हीच त्यांची भाकरी. अठराशे माणसांची हजेरी ज्यानं ठेवली त्याला स्वतःचीच कालची संध्याकाळ सापडू नये? आणि अण्णांच्या वहीत निदान अक्षर तरी होतं. इथं सगळ्यांचं अक्षर एकच. छापल्यासारखं, कुणाचंच नसलेलं.

तशी खूण आधीपासून मिळत होती, त्यांनी ती मनावर घेतली नव्हती. न वाचलेलं पत्र ठळक दिसतं आणि वाचलं की बारीक होतं, हे सौमित्रनंच शिकवलं होतं, लग्नाच्या आधी कॉम्प्युटर आणून बसवला तेव्हा. पण मध्येमध्ये हे गणित चुकत होतं. विजेच्या बिलाचं पत्र सकाळी बारीक दिसलं, म्हणजे आपण वाचलं असणार, असं म्हणून ते देवळात गेले. परत आले तर तेच पत्र ठळक. गेल्या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या जाण्याचं पत्र आलं, तेव्हाही अंघोळीला जाण्याआधी ते बारीक आणि आल्यावर ठळक दिसल्यासारखं वाटलं होतं. दुःखात डोळे फसतात, असं त्यांनी मनाला सांगितलं. दुसरं काय सांगणार? पत्रं या डब्यात येतात, हा डबा हॉलमध्ये हार्मोनियमच्या शेजारी आहे, आणि याच्यापुढं आपल्याखेरीज कुणी बसत नाही. टेबलाच्या खणात ठेवलेला कागद जसा त्या खणातच असतो, तशी पत्रं या डब्यात असतात, याबद्दल त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती. आतल्या खोलीत श्यामलाबाईंचा लॅपटॉप होता, त्यांच्या बहिणीच्या मुलीनं, मधुवंतीनं दोन वर्षांपूर्वी आणून दिलेला, पण तो कीर्तनं ऐकायला. दुपारभर तिकडून झांजांचा आवाज यायचा. त्याचा याच्याशी काय संबंध?

त्या दिवशी त्यांनी एक परीक्षा घ्यायचं ठरवलं. स्वतःचीच. पत्रात पुढं लिहिलं, तू लहान असताना माझ्यामागं टाळ घेऊन उभा राहायचास तेव्हा, आणि तिथं सोडलं. मग कॅलेंडरवर आजच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं, ‘तेव्हा’पर्यंत लिहिले. सही केली. वेळ घातली, सव्वादहा. दिवसभर कॉम्प्युटरच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. संध्याकाळी आरती झाली, प्रसादाची साखर जिभेवर विरघळत असताना त्यांनी ड्राफ्ट उघडला. तू लहान असताना माझ्यामागं टाळ घेऊन उभा राहायचास तेव्हा मी मागं वळून बघत नसे, कारण टाळ चुकणार नाही हे मला ठाऊक होतं. नृसिंहराव उठले आणि कॅलेंडरपाशी गेले. ‘तेव्हा’पर्यंत लिहिले. सही त्यांचीच. मग हे कुणी? एक विचार मनात आला आणि त्याची त्यांना लाजच वाटली. बुवांच्या तोंडून हजार वेळा ऐकलेली कथा. भक्ताचं काम अडतं, भक्ताला झोप लागते, आणि देव येऊन गुपचूप त्याच्या वाटचं काम उरकून जातो. सकाळी भक्त बघतो तर सगळं झालेलं. हे आख्यान लागलं की श्रोते डोळे पुसायचे, आणि पेटी वाजवता वाजवता नृसिंहरावांचेही डोळे भरून यायचे, खोटं नाही. पण ती भक्तांची गोष्ट. ज्यानं देवाचं नाव पुढं करून मुलाचं लग्न चुकवलं, त्याच्या पत्राला देव हात लावील? त्यांनी देव्हाऱ्याकडं पाहिलं. दत्ताच्या तसबिरीतली चारही कुत्री त्यांच्याकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आकाराम तबलजीकडं गेले. आकारामही कारखान्यातलाच, आणि बुवांच्या साथीला तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसणारा. तो अंगणात तबल्याचे गट्टे ठोकत बसला होता.

“या पेटीमास्तर. त्वांड असं का केलंय? एरंडेल पिलाय जनू.”

नृसिंहरावांनी इकडचं तिकडचं बोलत, अडखळत, सगळं सांगितलं. देवाचं तेवढं वगळणार होते, पण तेही सांगून टाकलं. आकारामनं हातोडी खाली ठेवली.

“देवाला काय दुसरा धंदा न्हाय व्हय, तुमची ई-मेल लिवत बसाय?”

“तसं नाही रे. मला भीती अण्णांसारखं होतंय की काय याची आहे.”

“अण्णांसारखं झालं असतं तर माझ्या घराची वाट घावली असती का?” आकारामनं तबल्यावर एक टिचकी मारली, कान लावला. “घरात दुसरं मशीन हाय का?”

“आहे की. हिचा लॅपटॉप. पण ती त्यावर कीर्तनं ऐकते नुसती.”

आकाराम हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. “अवो मास्तर, आमच्या सुनंची पत्रं तिच्या फोनवर दिसत्यात, तीच कॉम्प्युटरवर, तीच हापिसात. आड एकच असतोय. पोहरं किती का सोडंना. देव देव काय करतासा? तुमच्या घरात देव देव्हाऱ्यात हाय आनि वैनी सैपाकघरात. जवळ कोन, सांगा की!”

“आमचं तसं नाही,” नृसिंहराव म्हणाले. का म्हणाले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. वाटेत उसाचा ट्रॅक्टर आडवा आला म्हणून ते रस्त्याच्या कडेला थांबले आणि तिथं, धुरळ्यात, त्यांना एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वीची सकाळ. ते मोरीत, अंगावर पाणी घेत होते. बाहेरून मधुवंतीनं विचारलं होतं, “काका, पासवर्ड काय हो?” आणि त्यांनी तोंडावरचा साबण थुंकत, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून तो सांगितला होता. कशाला हवाय, हेही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी चप्पल न वाजवता काढली. ड्राफ्ट उघडून एक अर्धी ओळ लिहिली, तुझी आई त्या दिवशी एकटी, आणि बंद केला. मग पेटीचं झाकण उघडून, भाता न हलवता, नुसती बोटं पट्ट्यांवर ठेवून बसले. आत झांजा वाजत होत्या. थोड्या वेळानं थांबल्या. मग टक आवाज आला. बऱ्याच वेळानं पुन्हा टक. एका बोटानं, अक्षर शोधून शोधून लिहिणाऱ्या माणसाचा आवाज. बालवाडीत पंचवीस वर्षं मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतलेल्या त्या बोटाचा. तो आवाज संपल्यावर झांजा पुन्हा सुरू झाल्या. नृसिंहरावांनी ड्राफ्ट उघडला. तुझी आई त्या दिवशी एकटी आली, कारण मला सोबत चला म्हणण्याचा धीर तिला झाला नाही. तेवढा एक दोष तिचाही आहे.

सुटका वाटायला हवी होती. डोकं जागेवर होतं, अण्णांचं दुखणं आलेलं नव्हतं. पण ती वाटेना. पेटी दुसऱ्या कुणीही वाजवली असती, हे तिला ठाऊक होतं. सहा वर्षं ठाऊक होतं, आणि ती रोज आमटीत बरोबर मीठ घालत होती. आत जावं, काहीतरी बोलावं, असं वाटून ते दारापर्यंत गेले. पाठमोऱ्या श्यामलाबाई लॅपटॉपसमोर मांडीवर शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. काय बोलणार? तू माझं पत्र लिहितेस म्हणावं, तर ती म्हणेल, तुम्हीच तर अर्धं सोडता. आणि तेही खरं. कीर्तनात बुवा ओळ अर्धी सोडतात ती विसरून नव्हे. मागच्यानं उचलावी म्हणून सोडतात. मागच्यानं उचलली नाही तर बुवा उघडे पडतात. तिला वाटलं असेल, हा माणूस तोंडानं मागणार नाही, असा मागतोय. आपण मागत होतो का? कुणास ठाऊक. ते तसेच मागं फिरले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक ओळ अर्धी सोडली. या वेळी जाणून.

असे दहा-बारा दिवस गेले. जेवताना, चहा घेताना दोघं भाजीबद्दल बोलत, नळाबद्दल बोलत, पत्राबद्दल अवाक्षर नाही. पत्र मात्र वाढत होतं. कधी ती त्यांची ओळ पुरी करी, कधी त्यांचा एखादा जड शब्द काढून साधा घाली. कधी तिनंच ओळ अर्धी ठेवलेली असे, आणि मग त्यांची पंचाईत होई. हळूहळू कुठली ओळ कुणी सुरू केली, कुणी संपवली, हे त्यांना सांगता येईना. आणि मग एका सकाळी, मध्यावर, दोन परिच्छेदांच्या फटीत एक ओळ एकटीच उभी दिसली. माझं चुकलं, बाळ. नृसिंहराव त्या ओळीकडं बघत राहिले. हिनं लिहिलं. आपल्या वतीनं. एवढं पुढं जायचं? राग यावा असं वाटलं, तो आला नाही. ओळ खोडायला त्यांनी बोट उचललं, ते तसंच हवेत राहिलं, आणि मग त्यांनी ते मांडीवर ठेवलं. खोडलं नाही, एवढंच त्यांनी केलं. जाता जाता पत्राच्या तळाशी लिहिलं, आता तू आणि दीक्षा, आणि तिथं सोडलं. या, म्हणायचं, की सुखी राहा म्हणायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं.

देवळातून आले तर ड्राफ्ट नव्हता. आपण पुसलं, चुकून भलतं बटण दाबलं, असं वाटून त्यांनी ड्राफ्टची यादी दोनदा वरखाली केली. मग बुद्धी सुचली आणि पाठवलेल्या पत्रांत बघितलं. होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी गेलेलं. शेवटची ओळ तशीच उघडी, आता तू आणि दीक्षा. पुढं काही नाही. तिनं ती उचलली नव्हती, मुलासाठी ठेवली होती. आत झांजा वाजत होत्या, आणि कुकरची शिट्टी झाली.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. नृसिंहरावांचा जीव टांगणीला लागला. पत्र येईल, येणार नाही, आलं तर काय असेल. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला, ते नुसते पडद्याकडं बघत असताना, वरती एक नवी ओळ येऊन बसली. सौमित्रचं नाव. ठळक. त्यांनी घाईघाईनं चष्मा काढला. चष्मा काढला की अक्षरं लागत नाहीत, जाड आणि बारीक तेवढं कळतं. थोडं थांबू म्हटलं, दत्ताचं नाव घेऊ. डोळे मिटायला आणि उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती ओळ बारीक झाली.

आतल्या झांजा थांबल्या होत्या.

ते ऐकत राहिले. रडण्याचा आवाज येईल, हसण्याचा येईल. काहीच येईना. नागपुरातून निघालेलं एक वाक्य भिंतीपलीकडं कुणीतरी वाचत होतं, आणि भिंतीनं काही सांगायचं नाकारलं होतं. मग ती ओळ पुन्हा ठळक झाली. नृसिंहराव खुर्चीत पुढं सरकले. म्हणजे हे असं होतं! विजेचं बिल, देवस्थानची पत्रं, ताईच्या जाण्याची खबर, सगळं ती आधी वाचून पुन्हा न वाचलेलं करून ठेवत होती. यांना उष्टं नको म्हणून. आलेलं प्रत्येक बरंवाईट आधी तिच्या अंगावरून गेलं होतं, आणि मग ताजं होऊन यांच्यापर्यंत आलं होतं. पण आज काय आहे? ताईची खबरही अशीच ताजी होऊन आली होती. ठळकपणावरून काही कळत नाही.

“अहो,” आतून हाक आली. “आज मेल बघितलं का?”

“नाही अजून. काही आलंय?”

“मला काय माहीत? बघा की तुम्हीच.”

आवाजातून काही अर्थ लागेना. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या आणि खुर्चीच्या मागं उभ्या राहिल्या, टाळकरी उभा राहतो तेवढ्या अंतरावर. नृसिंहरावांनी चष्मा घातला आणि पत्र उघडलं. वर मायना नव्हता. येतोय, शनिवारी. असं सरळ सुरू झालेलं. पेटी बाहेर काढून ठेवा, दीक्षानं ती कधी समोर बसून ऐकलेली नाही. ती विचारते, पत्र एकट्या बाबांनी लिहिलंय का? मी म्हटलं, सांगता येत नाही. एक ओळ मात्र नक्की बाबांची आहे.

नृसिंहरावांनी पत्र पुन्हा एकदा वरपासून वाचलं. मग श्यामलाबाई म्हणाल्या, “त्या ओळीसाठीच तर थांबले होते मी. रोज बघायची. त्या दिवशी दिसली आणि म्हटलं, आता यांचं मन फिरायच्या आत पाठवून टाकावं.”

“कुठली ओळ?”

“कुठली काय! चुकलं म्हणून लिहिलंत ती.”

नृसिंहराव वळले. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मघाशी ‘मला काय माहीत’ म्हणताना हाच चेहरा असणार, किंवा नसेलही. तिथं खोटं दिसत नव्हतं. पण गेली दोन वर्षं तरी कुठं दिसलं होतं? “अगं, पण ती...” असं म्हणून ते थांबले. ती ओळ मी लिहिलेली मला आठवत नाही. तू लिहिली नाहीस, मी लिहिली नाही, मग कोण? तसबिरीतली कुत्री शांत होती. आणि मग त्यांना अण्णा दिसले, वही लांब धरलेले. हे मी नाही लिहिलं. कोण लिहितंय माझ्या वहीत?

“पण काय?” श्यामलाबाईंनी विचारलं.

त्या वाट बघत होत्या. या खेपेला त्यांनी ओळ उचलली नाही.

“काही नाही,” नृसिंहराव म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, “मीच लिहिली ती.”

“मग सांगतेय काय मी?” बाई म्हणाल्या, आणि पदर खोचून आत वळल्या. “उठा आता. पेटीवर धूळ बसलीय, सहा वर्षांत धड पुसलीय का कुणी? ते मशीन बंद करा आधी.”

नृसिंहरावांनी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला, त्यात त्यांचं गंध लावलेलं कपाळ दिसलं. आत, भिंतीपलीकडं, ते पत्र अजून उघडंच होतं.